वारीच्या फोटोंचं पुस्तक कुठे छापायचं?

भगवा रंग कागदावर उतरवणं किती कठीण असतं, याची मला पुस्तक करायला घेईपर्यंत कल्पना नव्हती. दिवे घाटात वळणावळणाने चढणाऱ्या पताका, मागे पावसाने नुकताच हिरवा होऊ लागलेला डोंगर, असा माझा एक फोटो आहे. लॅपटॉपवर तो पेटल्यासारखा दिसतो. कागदावर तो एकीकडे विटकरी झाला, दुसरीकडे आंबटसर नारिंगी आणि तिसरीकडे चक्क गुलाबीकडे झुकला. पुस्तक कुठे छापायचं हे ठरवताना मी सगळ्यात जास्त वेळ या एका फोटोकडे बघत बसले.

माउलींच्या पालखीबरोबर मी बरीच वर्षं एका दिंडीत चालते. रजा मिळेल तशी. आळंदी ते सासवड नक्की, कधी पुढे लोणंद-तरडगावपर्यंत, आणि जमलं तर शेवटचा वाखरीहून पंढरपूरचा टप्पा. कॅमेरा गळ्यात असतोच. पूर्वी निवडक फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रती काढून पुढच्या वर्षी दिंडीत वाटायचे. नंतर सगळं हार्ड डिस्कवर साचत गेलं आणि दिंडीतली म्हातारी मंडळी विचारू लागली, “ताई, औंदा फोटो न्हाई व्हय?” म्हणून ठरवलं की एक नीट पुस्तक करायचं. एक प्रत मला, काही प्रती दिंडीला. लग्नाच्या अल्बमसारखं नको आणि कंपनीच्या वार्षिक अहवालासारखंही नको.

आधी किमती बघितल्या. त्यात वेळ गेला आणि हाती फारसं लागलं नाही, कारण प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. एक जण २० पानं म्हणतो तेव्हा १० कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. लग्नाचे अल्बम करणारी लॅब २० शीट म्हणते तेव्हा समोरासमोरच्या पानांच्या २० जोड्या, म्हणजे ४० पानं. ऑनलाइन सेवांवर बाराही महिने पन्नास टक्के सूट चालू असते, त्यामुळे मूळ किमतीला अर्थ उरत नाही. दीड हजारापासून सहा-सात हजारांपर्यंत सगळे आकडे वहीत लिहिले आणि वही बाजूला ठेवली. मग ठरवलं की सगळ्यांना तेच फोटो द्यायचे, तेही आपले सर्वांत अवघड. सोपा फोटो कुणीही छान छापतो.

चाचणीचे फोटो निवडताना बराच विचार केला. पहिला अर्थातच दिवे घाट. दुसरा वाखरीजवळच्या बाजीरावाच्या विहिरीपाशी झालेल्या रिंगणाचा. भर दुपार, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर धुळीचा पडदा. इतक्या पांढऱ्यात धोतराच्या चुण्या कागदावर दिसतात का, हे त्यात कळतं. तिसरा मुक्कामातल्या रात्रीच्या भजनाचा, एका बल्बच्या उजेडातला, तीन चतुर्थांश काळोख. चौथा डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींचा, कृष्णधवल. आणि पाचवा फोटो नव्हताच, ती एक ओळ होती: ‘विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या वारकऱ्यांचं रिंगण’. ठ्ठ, र्श, ऱ्य, रिं, सगळी अडचणीची अक्षरं एका ओळीत.

पहिल्यांदा गेले लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका लॅबमध्ये. पुण्यात अशा पुष्कळ आहेत आणि त्यांना कमी लेखू नये. त्यांच्याकडे फोटो खऱ्या फोटोग्राफिक कागदावर उमटतो. लेझरने कागदावर प्रकाश पडतो आणि मग रसायनांतून तो कागद धुऊन निघतो. ठिपक्यांची जाळी नसते, रंग सलग उतरतात, काळा खोल येतो. पानं पाठीला पाठ चिकटवलेली, पुठ्ठ्यासारखी जाड, आणि उघडलं की सपाट पडणारी. दिवे घाटाचा भगवा सगळ्यांत चांगला इथेच आला. रात्रीचं भजनही झकास.

पण आजींचा फोटो वगळता बाकी सगळ्यांत माणसं गोरी झाली होती. वीस दिवस उन्हात रापलेले चेहरे मऊ, गुळगुळीत, पावडर लावल्यासारखे. मी विचारलं तेव्हा ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, करेक्शन फ्री आहे.” लग्नात सगळ्यांना तेच हवं असतं, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक फाइलवर ते करून टाकतात. ‘करेक्शन नको’ असं ऑर्डरवर ठळक लिहून पुन्हा काढून घेतलं, तेव्हा माझे वारकरी मला परत मिळाले. कुठल्याही लॅबला फाइल देताना हा एक शब्द आधी बोला. मेटॅलिक कागदाचाही आग्रह झाला, “सगळे हेच घेतात.” मोत्यासारखी चमक असलेला तो कागद पैठणीला शोभतो, चिखलाने भरलेल्या पायांना नाही.

अक्षरांचं मात्र जमलं नाही. त्यांच्या संगणकावर युनिकोड मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टंकून द्यायला ते तयार होते, पण अडचण तेवढीच नव्हती. फोटोग्राफिक कागदावर यंत्र साधारण ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके या हिशोबाने, फोटो उमटवतं. फोटोला ते पुरतं. बारीक अक्षरांच्या कडा मात्र किंचित मऊ येतात. लग्नाच्या अल्बमात नावं मोठ्या अक्षरांत असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मला प्रत्येक फोटोखाली गाव, वर्ष आणि दोन ओळी हव्या होत्या.

ऑनलाइन सेवेची गोष्ट थोडक्यात सांगते. घरबसल्या काम होतं, मांडणीचे तयार साचे असतात आणि वाढदिवसाचं किंवा सहलीचं पुस्तक करायचं तर मी आजही कुणाला अडवणार नाही. मी जिथे चाचणीचं छोटं पुस्तक केलं तिथे ‘फोटो सुधारा’ हे बटण आधीपासूनच चालू होतं, ते शोधून बंद करावं लागलं. फोटो चौकटीत बसवताना सॉफ्टवेअरने पताकांचे शेंडे छाटले. पडद्यावर ‘विठ्ठल’ नीट दिसत होता, छापून आला तेव्हा ठ फुटून त्याच्याखाली हलंत लोंबत होता. पताका विटकरी झालेल्या. तक्रारीला उत्तर लगेच आलं, अगदी विनयाने, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाकडून. कागद कुठला आणि कुठल्या यंत्रावर छापता, या प्रश्नाला ‘प्रीमियम’ यापलीकडे उत्तर नव्हतं.

परदेशी सेवांचाही विचार मनात येऊन गेला. अमेरिकेतल्या भाचीने ब्लर्बवर केलेलं तिच्या बाळाचं पुस्तक मी हाताळलं होतं आणि ते सुरेख होतं. स्वतः तयार केलेली पीडीएफ तिथे चढवता येते, म्हणजे मराठी अक्षरांचा प्रश्नच मिटतो. पण इकडे मागवायचं तर कुरिअर, कस्टम्स, आणि रंग चुकला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका प्रतीसाठी ठीक, दिंडीत वाटायच्या प्रतींसाठी परवडणारं नव्हतं.

उरला डिजिटल प्रेस. पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये पुस्तकांची, पत्रिकांची, माहितीपत्रकांची कामं करणारे छापखाने अजून आहेत आणि त्यांतल्या काहींनी इंडिगो यंत्रं घेतली आहेत. इंडिगोत पावडरचा टोनर नसतो, द्रवरूप शाई असते. थर इतका पातळ बसतो की कागदाचा पोत खालून दिसतो. मी गेले तिथे मालक साठीचे, पूर्वी ऑफसेटवर काम केलेले. त्यांनी फाइल उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, “ताई, पुस्तक कोण बघणार? टेबलावर ठेवून की मांडीवर घेऊन?” मला हा माणूस तिथेच आवडला.

दिवे घाट पडद्यावर बघून त्यांनी मान हलवली. “हा भगवा चार रंगांत येणार नाही.” छपाईच्या चार शाया म्हणजे निळसर, मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी. त्यांत नारिंगी तयार होतो पिवळा आणि मॅजेंटा मिसळून, आणि पडद्यावरचा तेजस्वी नारिंगी या मिश्रणाच्या आवाक्याबाहेरचा असतो. इंडिगोत नारिंगी, जांभळी अशा जादा शाया बसवता येतात, पण त्यांच्याकडे त्या नव्हत्या आणि माझ्या मूठभर प्रतींसाठी कुणी बसवणारही नव्हतं. चाचणीचा कागद निघाला तो त्यांनी सांगितल्याप्रमाणेच, पताका सपाट आणि घड्या गायब. बाकीचं मात्र उत्तम होतं. धोतराच्या चुण्या मोजता आल्या असत्या. अक्षरं सुईच्या टोकासारखी, कारण तिथे मी माझी पीडीएफ दिली होती आणि फॉन्ट त्यातच बांधलेला होता.

म्हणजे एकीकडे भगवा, दुसरीकडे अक्षरं. घरी दोन्ही कागद खिडकीपाशी ठेवून बघत बसले. ट्यूबलाइटखाली नाही, दिवसाच्या उजेडात. नवऱ्याचं मत लॅबकडे, कारण “फोटोच महत्त्वाचा ना?” मुलाचं मत ऑनलाइनकडे, कारण त्याला कुठेच जायचं नव्हतं. माझा कल प्रेसकडे झुकला तो दोन कारणांनी. लॅबच्या अल्बमची पानं जाड, त्यामुळे साठ-सत्तर पानांचं पुस्तक मांडीवर पेलवत नाही, आणि दिंडीतल्या माणसांना ते मांडीवरच बघायचं होतं. दुसरं कारण असं की छापखान्याच्या मालकांनी न येणारी गोष्ट आधी सांगितली आणि मग म्हणाले, “फाइलमध्ये थोडं काम करू, बघू कुठवर नेता येतं.” बाकी दोन्हीकडे ‘होऊन जाईल’ हेच ऐकलं होतं.

भगव्याचा तोडगा त्यांच्या ऑपरेटरने काढला. पोरगा पंचविशीतला, पण डोळा पक्का. त्याने भगवा वाढवायचा नाद सोडून दिला. उलट पताकांतला नारिंगी जरा खाली आणला, म्हणजे शाईच्या आवाक्यात आला आणि कापडाच्या घड्या पुन्हा दिसू लागल्या. मग मागचा डोंगर आणि आभाळ एक पायरी गडद केलं. आजूबाजूचं दबलं की मधलं आपोआप उठतं. लॅपटॉपवरच्या भगव्याइतका तो झाला नाही, आजही नाही. पण लॅपटॉप शेजारी न ठेवता बघितलं तर पताका पताका वाटतात.

लॅपटॉपचा हा मुद्दा सगळ्याच फोटोंना लागू पडला. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद फक्त आलेला परतवतो. माझा पडदा कायम पूर्ण उजेडावर असायचा आणि त्यावर बघून केलेले फोटो कागदावर अंधारात बुडायचे. पडद्याचा उजेड अर्ध्याच्याही खाली आणला आणि पांढऱ्या कागदाशेजारी पडद्यावरचं पांढरं पान ठेवून दोन्ही सारखी दिसेपर्यंत जुळवलं. मग रात्रीच्या भजनाचा फोटो पुन्हा केला. टाळकऱ्यांचे हात काळोखातून थोडे वर काढले. कृष्णधवल आजींच्या बाबतीत वेगळीच गंमत. चार शायांत छापलं की राखाडीत ट्यूबखाली तांबूस झाक यायची, खिडकीत हिरवट. फक्त काळ्या शाईत छापलं तर चेहरा पोकळ. शेवटी राखाडीत मुद्दामच थोडी ऊब घातली. ठरवून दिलेल्या रंगछटेत बारीक फरक डोळ्याला खुपत नाही.

आकारही यंत्राने ठरवला. मला नऊ इंची चौरस हवं होतं. सपाट उघडणाऱ्या पुस्तकात समोरासमोरची दोन पानं एकाच कागदावर छापतात, मध्ये क्रीज, म्हणजे घडीची खाच, मारतात आणि असे कागद पाठीला पाठ चिकटवतात. म्हणजे नऊचे अठरा इंच. कागद तेरा-एकोणीसचा असला तरी यंत्राने धरायची ग्रिपरची जागा आणि कडांना कापण्यासाठी लागणारं तीन-तीन मिलिमीटर ब्लीड धरलं तर अठरा बसेना. साडेआठवर आले. १७ इंचांना ३०० डीपीआयने ५१०० पिक्सेल लागतात आणि माझा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० देतो, तेव्हा पूर्ण जोडपानभर फोटोही निर्धास्त देता आला. दिंडीतल्या मंडळींचे फोटो मात्र व्हॉट्सॲपवरून आलेले. साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो, म्हणजे सव्वापाच इंचांपुढे तो ताणायचा नाही. ज्यांच्याकडे मूळ फोटो शिल्लक होते त्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं. निम्म्यांनी डॉक्युमेंट म्हणून आधार कार्ड पाठवलं.

मधल्या घडीवर काय येतं, हे प्रत्येक जोडपानात बघावं लागलं. रिंगणात धावणारा माउलींचा अश्व नेमका मध्यावर होता. फोटो डावीकडे सरकवला, तर उजवीकडचे पताकावाले कापले जात होते, म्हणून तो फोटो एकाच पानावर घेतला. गडद फोटोंच्या घडीवर शाई तडकून पांढरी रेघ उमटते. त्याला मॅट लॅमिनेशन हा उपाय, पण सगळ्या पानांना लॅमिनेशन केलं की कागदाचा पोत जातो. मी फक्त दिंडीच्या प्रतींना करून घेतलं. बुक्का लागलेली बोटं फिरणार हे माहीत होतं.

मांडणी करताना २०२० आणि २०२१ या दोन वर्षांपाशी अडले. कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. माझ्याकडे त्या वर्षांचा एकही फोटो नाही. मुलगा म्हणाला, बातम्यांतले घे. ते पटलं नाही. एका जोडपानावर नुसते दोन आकडे ठेवले, डावीकडे एक, उजवीकडे एक. मालकांनी हिशोब करताना हळूच आठवण करून दिली, “ताई, कोऱ्या पानालाही कागद, चिकटवणी, कटिंग सगळं लागतं.” म्हटलं, लागू दे.

मजकुरासाठी मुक्ता हा फॉन्ट घेतला. मुंबईच्या एक टाइपचा, मोफत मिळतो, आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ राहतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नीट यायची तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर तिथेही वेलांट्या रस्ता चुकतात. पीडीएफ झाल्यावर ती मी मोबाइलवर उघडली, शेजारच्या काकूंच्या संगणकावर उघडली आणि मग छापखान्यात उघडून घेतली. तिन्हीकडे ‘विठ्ठल’ शाबूत होता.

सगळ्या प्रती छापण्याआधी एक पूर्ण प्रत बांधून बघायची, ही अट मी घातली आणि त्या प्रतीचे पैसे वेगळे दिले. हा खर्च अनेक जण वाचवतात. त्या प्रतीत एका गावाचं नाव चुकलेलं सापडलं, दोन फोटो शेजारी ठेवल्यावर एकाचं आभाळ निळं आणि दुसऱ्याचं जांभळट दिसलं, आणि कव्हरच्या कापडाचा रंग आतल्या रंगांशी भांडत होता. हे पडद्यावर कधीच कळलं नसतं. ती प्रत मी सांभाळून ठेवली आहे. नंतर काही महिन्यांनी जादा प्रती काढायला गेले तेव्हा रंग जरा वेगळा निघत होता. तीच प्रत ऑपरेटरपुढे ठेवली आणि त्याने तिच्याशी जुळवून दिलं.

पुस्तकं घेऊन आळंदीला गेले. प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी धर्मशाळेत सगळ्यांनी फिरवून फिरवून बघितली. कोण कुणाच्या मागे उभा आहे, त्या वर्षी पाऊस कुठे गाठला, यावर वाद झाले. कागद, रंग, बांधणी याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमचे विणेकरी मात्र पुस्तक हातात तोलून म्हणाले, “ताई, लई झ्याक. पर हे वझं घेऊन चालायचं कसं? पडशीत बसंल असं करा की.”

म्हणून आता छोट्या आवृत्तीचं काम चालू आहे. पातळ, सेंटर पिनची, म्हणजे कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारलेली, त्यामुळे पानांची संख्या चारच्या पटीत ठेवायची. सहा इंची चौरस करायची होती, पण तिची उघडलेली पानं एका कागदावर दोनच बसतात. साडेपाच केलं तर तीन बसतात आणि प्रतीचा खर्च एकदम उतरतो. अर्धा इंच सोडून दिला. कव्हरला प्लॅस्टिकची पिशवी हवी की जाड लॅमिनेशन पुरेल, एवढं ठरायचं आहे. मालक म्हणतात लॅमिनेशन. मी त्यांना सासवडचा पाऊस सांगितला आहे, ते पिशवीचा भाव काढून ठेवणार आहेत.